प्रयोगशाळेचे कुलूप कोण उघडणार?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२८ साली याच दिवशी आपला जगप्रसिद्ध शोध लावला, म्हणून १९८७ पासून हा दिवस पाळला जातो. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शाळाही त्यात मागे नसतात. रांगोळ्या काढल्या जातात, घोषणा देत फेऱ्या निघतात, पाहुण्यांची भाषणे होतात, फोटो छापून येतात. दुसऱ्या दिवसापासून शाळा पुन्हा आपल्या वळणावर जाते. मुले विज्ञान वाचतात, ऐकतात, फळ्यावरून उतरवून घेतात. फक्त एक गोष्ट करत नाहीत, ती म्हणजे प्रयोग. असे का होते, आणि त्याची किंमत नेमकी कोणाची मुले मोजतात, याचा फुले-शाहू-आंबेडकरी विचार मानणाऱ्या प्रत्येकाने गांभीर्याने विचार केला पाहिजे.

वकिलीच्या आणि चळवळीच्या कामानिमित्त आमचे खेड्यापाड्यांत जाणे असते. शाळेत गेलो की प्रयोगशाळा दाखवा असे आम्ही आवर्जून म्हणतो. बहुतेक ठिकाणी एक लोखंडी कपाट दाखवले जाते. त्याला कुलूप असते. चावी असते मुख्याध्यापकांकडे किंवा बदली होऊन गेलेल्या गुरुजींकडे. आत परीक्षानळ्या, चंचुपात्रे, एखादा सूक्ष्मदर्शक, तारखा उलटून गेलेली रसायने. हे बाहेर का काढत नाही असे विचारले तर उत्तर ठरलेले असते: "फुटले तर भरून कोण देणार? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे." या उत्तरात त्या शिक्षकाचा फारसा दोष नाही. परीक्षानळी फुटायचीच, आम्ल संपायचेच. पण फुटलेल्या वस्तूचे निर्लेखन करायचे म्हणजे कागदपत्रांचा डोंगर, आणि नवीन घ्यायला पैसा नाही. मग शहाणा माणूस कपाटाला कुलूपच लावणार. वस्तू शाबूत राहते, विज्ञान तेवढे मरते.

दहावीला विज्ञान व तंत्रज्ञान विषयाचे लेखी गुण ८० आणि प्रात्यक्षिकाचे गुण २० आहेत. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्रात प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. अनेक ठिकाणी हे गुण प्रयोगवही पाहून दिले जातात आणि ती वही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवलेली असते. गुण मिळतात म्हणून पालक गप्प, निकाल लागतो म्हणून शाळा गप्प. परंतु ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत, ज्याचे वडील डॉक्टर वा इंजिनिअर आहेत, जे शहरातल्या महागड्या क्लासला जाते, त्याचे या फसवणुकीने फारसे बिघडत नाही. त्याला अन्य वाटा आहेत. ऊसतोड मजुराच्या, मोलकरणीच्या, दलित वस्तीतल्या मुलाला शाळा सोडून दुसरी प्रयोगशाळा नाही. त्याचे कपाट बंद राहिले की त्याचा विज्ञानाचा दरवाजाच बंद होतो. दहावीनंतर तो आपोआप कला शाखेकडे वळतो आणि वर त्यालाच ऐकवले जाते, "तुला विज्ञान झेपणार नाही." आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

ही गोष्ट बाबासाहेबांनी ऐंशी वर्षांपूर्वीच ओळखली होती. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. केवळ कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या लोकांचा फारसा उद्धार होणार नाही, त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले. हे शिक्षण खर्चिक असल्यामुळे आपल्या मुलांच्या आवाक्याबाहेर राहते, हे कारणही त्यांनी सांगितले. म्हणून विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये द्यावेत, अशी रोख मागणी त्यांनी केली. हे लिहिणारा महापुरुष स्वतः बॅरिस्टर होता, हे ध्यानात घ्या. आम्हीही कायद्याचेच पदवीधर. आमच्या पिढीतील कितीतरी हुशार मुले वकिलीकडे, मास्तरकीकडे, कारकुनीकडे वळली, त्यामागे आवड किती आणि प्रयोगशाळेचा अभाव किती, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

बाबासाहेबांची पद्धत पाहा. शिक्षण महत्त्वाचे आहे असे सांगून ते थांबत नसत. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे ते विचारत. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बोलताना सरकार माणशी शिक्षणावर किती खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी किती वसूल करते, याची आकडेवारी त्यांनी सभागृहासमोर ठेवली होती. राजर्षी शाहू महाराजांचेही तसेच. त्यांनी १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहण्यास पाठबळ दिले, १९१७ साली सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एका शाळेत बसवले. मूल शाळेत पाठवले नाही तर पालकाला दंड, आणि शाळा चालवण्याचा भार राज्याच्या तिजोरीवर, असा तो व्यवहार होता. शाहूनगरीत राहून शिक्षणाच्या पैशाबद्दल संकोच करण्याचे आम्हाला काहीच कारण नाही.

आता हाताने करण्याच्या शिक्षणाबद्दल. या देशातील वर्णव्यवस्थेने हात आणि डोके वेगळे केले. ज्याने हाताने काम केले त्याला शूद्र ठरवले, ज्याने पाठांतर केले त्याला विद्वान. कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्या. कातडे कमावताना हिरडा आणि बाभळीची साल वापरतात. त्यातील टॅनिन हे द्रव्य कातड्यातील प्रथिनांना घट्ट धरते, म्हणून कातडे कुजत नाही. हे अस्सल रसायनशास्त्र आहे आणि ते आमच्या चर्मकार व ढोर बांधवांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळले. पण त्यांना कोणी रसायनतज्ज्ञ म्हटले नाही, उलट त्या वासावरून त्यांना गावाबाहेर ठेवले. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ साली इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला मिलानच्या मंचावर मिरवल्या, तेव्हा कुठे साऱ्या देशाला कोल्हापूरच्या कारागिराची आठवण झाली. गुऱ्हाळावर उकळत्या रसात भेंडीचा चिकट रस आणि चुना घालून मळी वर काढणारा गुळव्या, उद्यमनगरात ओतकाम करणारा कामगार, हे सारे याच जातकुळीचे. सुतारकाम करणाऱ्या घरातून आलेल्या बाबूराव पेंटरांनी तर याच कोल्हापुरात स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला.

मग अशा जिल्ह्यातल्या मुलांना विज्ञान जड का जावे? हिरड्याच्या पाण्यात गंजलेल्या खिळ्याचे पाणी घातले की काळीभोर शाई तयार होते. हळदीच्या कागदावर चुन्याची निवळी टाकली की तो लाल होतो आणि लिंबू पिळले की परत पिवळा. या प्रयोगांना किती खर्च येतो? ज्या मुलीच्या आजोबांनी आयुष्यभर हिरडा कुटला, ती मुलगी वर्गात ही शाई तयार करील, तेव्हा घरचे ज्ञान आणि पुस्तकातले ज्ञान यांची पहिली भेट होईल. पुस्तकात छापले आहे म्हणून खरे मानू नका, करून पाहा, ही शिकवण प्रयोगातूनच मिळते. भारतीय संविधानाच्या कलम ५१-क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले आहे. हे कर्तव्य पाठ करून पार पडत नाही.

कायदा काय म्हणतो तेही पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९(२) मध्ये कृती, शोध आणि अन्वेषण यांतून शिक्षण झाले पाहिजे असे लिहिले आहे. सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणिताचा शिक्षक असावा असेही परिशिष्टात आहे. मात्र त्याच परिशिष्टात शाळेला काय काय हवे याची जी यादी दिली आहे, तीत वर्गखोल्या आहेत, स्वच्छतागृहे आहेत, पिण्याचे पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय, खेळाचे साहित्य आहे. प्रयोगशाळा हा शब्द नाही. 'अध्यापन-अध्ययन साहित्य आवश्यकतेनुसार' एवढ्या मोघम शब्दांत ती गुंडाळली आहे. म्हणजे हक्क दिला, पण साधनाचे नाव घेतले नाही. अधिकारी बोट ठेवतात ते नेमके या फटीवर.

आता पैशाचा हिशेब. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित शाळा अनुदान मिळते. तीसच्या वर आणि शंभरपर्यंत पट असलेल्या शाळेचा निकष वर्षाला २५ हजार रुपये आहे. साठ मुलांची शाळा धरली तर एका मुलामागे वर्षाला सुमारे ४१७ रुपये. यातच विजेचे बिल, पाणी, खडू, किरकोळ दुरुस्ती, खेळाचे साहित्य आणि प्रयोगशाळा. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर. वीज कापली जाऊ नये म्हणून बिल आधी भरावे लागते; परीक्षानळी नसली तर कोणी काही कापत नाही. म्हणून प्रयोगशाळेचा नंबर शेवटी लागतो आणि तोवर पैसे संपतात.

खासगी अनुदानित माध्यमिक शाळांची तऱ्हा वेगळी नाही. वेतनेतर अनुदान काही वर्षे बंदच होते. २०१३ साली ते पाच टक्के दराने पुन्हा सुरू झाले, तेही जुन्या पाचव्या वेतन आयोगाचा हिशेब धरून. पुढे ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे रिक्त होतील तशी संपवून त्याऐवजी शिपाई भत्ता देण्याचे ठरले. ग्रामीण शाळेसाठी महिना पाच हजार रुपये. त्या पदांत शिपाई, पहारेकरी होते तसा प्रयोगशाळा परिचरही होता. नळ्या धुणारा, द्रावणे मांडून ठेवणारा, तासानंतर आवरणारा माणूसच काढून टाकला, तर शिक्षक एकट्याने साठ मुलांचा प्रयोग कसा घेणार? या पदांवर काम करणारे बहुसंख्य लोक कोणत्या समाजघटकांतले होते, हे वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या बाजूला झगमगाट आहे. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपये मिळतात, दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या चालवणुकीला. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. घोषणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु सुरुवातीच्या निकषांत अर्ज करणाऱ्या शाळेकडे साधारण दीड हजार चौरस फूट बांधीव जागा असावी अशी अट होती. दोन खोल्यांत चार वर्ग भरवणाऱ्या शाळेने ती जागा कोठून आणायची? ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी मिळावे, अशी ही व्यवस्था. आणि ज्या शाळेत लिटमस कागद नाही तिथे थ्रीडी प्रिंटर म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

काही जण म्हणतील, गरीब शाळांत प्रयोग होणे शक्यच नाही. ते खोटे आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा खेडेगावच्या शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी एक कार्यक्रम सुरू केला. मुले चार-चारच्या टोळ्या करून वर्गातच जमिनीवर बसून प्रयोग करत. वेगळी खोली नव्हती. साहित्याची पेटी होती, ती दरवर्षी भरून मिळे. शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी सोडवत. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून आणि प्रत्यक्ष प्रयोगावर होई. पुढे एकलव्य संस्थेने हे काम शेकडो शाळांत नेले. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ साली राज्य सरकारने बंद केला. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञान ओळख या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस जोडकाम, वीज, शेती, आरोग्य अशी कामे हाताने करत शिकतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिका शाळांतील मागासवर्गीय विद्यार्थ्यांबरोबर १९८०च्या दशकात काम केले आणि योग्य मार्गदर्शन मिळाले की ही मुले मागे राहत नाहीत हे दाखवून दिले. तेव्हा प्रश्न कुवतीचा नाही. दरवर्षी पेटी भरून देण्याचा आहे.

मग पैसा कोठून आणायचा? पैसा आहे. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी आहे. त्यातून दलित वस्तीत रस्ते, गटारी, पेव्हर ब्लॉक झाले. ते व्हायलाच हवेत. पण त्या वस्तीतील मुले ज्या शाळेत शिकतात तिथल्या प्रयोगशाळेसाठी जिल्हा नियोजन समितीकडे किती प्रस्ताव गेले? उलट मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटींहून अधिक रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आले आणि त्यावर खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. एका शाळेला वर्षाला एक लाख रुपये धरले तर एवढ्या रकमेत ४१ हजार शाळांच्या पेट्या भरल्या असत्या. बहिणीला पैसे मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु तिच्याच मुलाच्या हक्काचे पैसे काढून तिच्या हातावर ठेवणे, याला ओवाळणी म्हणत नाहीत. आंध्र प्रदेश आणि शेजारच्या कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेच्या निधीसाठी कायदा केला. तिथेही पळवाटा निघाल्या, हे खरे. तरी कायदा असला की जाब विचारता येतो. महाराष्ट्रात असा कायदा नाही आणि तो मिळवण्यासाठी लढल्याशिवाय गत्यंतर नाही.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे काय? जिल्हा परिषदेने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातील २० टक्के आणि ग्रामपंचायतीने १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या औद्योगिक वसाहतींत कंपन्या आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरील कंपनीने सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात, त्यात शिक्षण आहे, आणि स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदाच सांगतो. मात्र कंपनीकडून एकदाच कपाट आणि भिंतीवर मोठी पाटी घेऊ नका. नियमांत अनेक वर्षे चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे. साहित्य भरून देण्याचा आणि परिचराच्या मानधनाचा लेखी करार करून घ्या.

आमच्या समाजालाही दोन शब्द. गावोगावी समाजमंदिरे आहेत, बुद्धविहार आहेत. कितीतरी ठिकाणी ती १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडून बंदच असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ तिथे एक भिंग, एक चुंबक, चार परीक्षानळ्या घेऊन मुले का बसू नयेत? आमच्यातले विज्ञान पदवीधर, आयटीआय झालेले, निवृत्त शिक्षक कुठे आहेत? जयंतीला डीजेवर एका रात्रीत उडणारी रक्कम गावच्या शाळेची वर्षाची पेटी भरू शकते. अर्थात ही वर्गणी म्हणजे सरकारच्या जबाबदारीला पर्याय नव्हे. शासनाने हात झटकावेत आणि आम्ही झोळी फिरवावी, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक उच्च प्राथमिक आणि माध्यमिक शाळेला प्रयोगसाहित्यासाठी दरवर्षी स्वतंत्र शीर्षाखाली रक्कम मिळावी, तिला वीज बिलाने हात लावू नये. फुटणाऱ्या, संपणाऱ्या वस्तू डेडस्टॉकमधून वगळून मुख्याध्यापकाला त्या खर्ची टाकण्याचा अधिकार द्यावा. प्रयोगशाळा परिचराचे पद पूर्ववत करावे. आणि वेळापत्रकात प्रयोगाचा तास ठरवून तो झाला की नाही याची तपासणी व्हावी.

पालकांच्या हातातही एक हत्यार आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. कलम २२ प्रमाणे सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या शाळांत हीच समिती शाळा विकास आराखडा करते आणि तोच अनुदानाचा आधार असतो. बऱ्याच गावांत हा आराखडा मुख्याध्यापक लिहितात आणि आमची माणसे न वाचता सही किंवा अंगठा देतात. यापुढे तसे होऊ देऊ नका. समितीच्या येत्या सभेला जा. प्रयोगशाळेचे कपाट उघडून दाखवायला सांगा. आत काय आहे, काय नाही, याची यादी करा, ती यादी रकमेसह आराखड्यात लिहायला लावा आणि ठरावाची प्रत पोच घेऊन पंचायत समितीला द्या. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तो अर्ज लिहून द्यायला आमच्यासारखे वकील जिल्ह्यात ठिकठिकाणी बसलेले आहेत, त्याची फी लागणार नाही.